नाही म्हणण्याची ऐपत

आशावादी : तिरुमणंचेरीला एकदा जाऊन यायला तुझी हरकत का, ते मला खरंच कळत नाही. मी काही देवभोळा नाही, तुला ठाऊक आहे. पण कुत्तालमजवळच्या त्या देवळात काय चालतं ते बघ. ज्यांचं लग्न अडलंय ती माणसं कल्याणसुंदरेश्वराला हार घालतात, पूजेतला हार आणि लिंबू घेऊन घरी येतात, आणि लग्न झालं की जोडीने जाऊन तो वाळलेला हार परत करतात. त्या रांगेत इंजिनियर असतात, चाळिशीला टेकलेले शेतकरी असतात, पत्रिका न जुळलेल्या मुली असतात. पायाला कॅलिपर लावलेली एखादी असली तरी कोणी वळून बघत नाही. लग्न अडणं ही तिथे सगळ्यांचीच अडचण. अपंग माणसाच्या लग्नाचा प्रश्न वेगळ्या कप्प्यात ठेवला की तो तिथेच पडून राहतो. त्याला चारचौघांच्या रांगेत आणून उभं करावं लागतं.

साशंक : काका, रांगेत सगळे सारखे, हे कबूल. पण बाकीच्यांचं लग्न ग्रहाने अडवलेलं असतं आणि ग्रह पुढे सरकतो. माझ्या पायातला पोलिओ सरकत नाही. शिवाय आपल्याकडे ग्रहांना जो न्याय, तोच माणसांना. मुलीला मंगळ असला की मुलगाही मंगळाचाच बघायचा. तमिळ घरांत त्यालाच सेव्वाय दोषम म्हणतात. दोषाने दोष कटला की झालं. आता तुम्ही माझ्यासाठी आणलेली स्थळं आठवा. कॅलिपरवालीला कुबडीवाला, आणि तो नसला तर एका डोळ्याने न दिसणारा. मंगळाने मंगळ कटत असेलही. दोन अपंग माणसं एका घरात आली की काही कटत नाही, त्याच जिन्याच्या पायऱ्या आता दोघांना नडतात. असं लग्न वाईट, असं मी म्हणत नाही. तसे सुखाचे संसार तुमच्यामाझ्या ओळखीत आहेत. माझा आक्षेप जोडी ज्या रीतीने जुळवतात तिच्यावर आहे. दोघांना एकमेकांत काय आवडेल हे कोणी विचारत नाही. उण्याशेजारी उणं मांडलं की मध्यस्थाचा हिशेब पुरा होतो.

आशावादी : हिशेबच काढायचा तर सरकारचा काढू. तमिळनाडूच्या विवाह साहाय्य योजनेत धडधाकट व्यक्तीने अपंग व्यक्तीशी लग्न केलं तर मदत आहे, आणि दोघंही अपंग असले तरीही आहे. २५,००० रुपये, पदवी किंवा पदविका असेल तर ५०,०००, आणि वर तालीसाठी, म्हणजे मंगळसूत्रासाठी, ८ ग्रॅम सोन्याचं नाणं. महाराष्ट्राने २०१४ च्या शासन निर्णयात ५०,००० रुपये ठरवले, पण एक जण दिव्यांग आणि दुसरा अव्यंग असेल तरच. म्हणजे दोन अपंगांनी संसार मांडला तर त्याला प्रोत्साहन द्यावं असं त्या वेळी मुंबईला वाटलं नाही, चेन्नईला वाटलं. उण्याशी उणं जुळवलं म्हणून तू नाक मुरडतेस, पण इथल्या सरकारने त्या जोडप्याचं लग्न निदान पुरं लग्न मानलं. मी तालुक्याच्या कचेरीत आयुष्य काढलं. कागदावर जे नाही ते दारात येऊन उभं राहिलं तरी कोणाला दिसत नाही. कागदावर आलं, हे मी थोडं मानत नाही.

साशंक : मी योजना वाचते तेव्हा बघते की पैसे कशाबद्दल दिलेत. महाराष्ट्राच्या त्या ५०,००० ची फोड वाचलीत? २५,००० चं बचत प्रमाणपत्र, २०,००० रोख, ४,५०० संसारोपयोगी वस्तूंना आणि ५०० स्वागत समारंभाला. इतक्या बारकाईने भांडीकुंडी मोजणाऱ्याने एक गोष्ट मात्र न मोजता गृहीत धरली : जो अव्यंग आहे तो काहीतरी सोसतोय, त्याची भरपाई व्हायला हवी. आंतरजातीय लग्नाला अनुदान देतात तेव्हा सरकार समाजाच्या आडमुठेपणाची भरपाई करतं. माझ्या बाबतीत भरपाई माझ्या शरीराची होते. आणि गावाला हे बरोबर कळतं. लग्नघराच्या मागच्या अंगणात केळीची पानं पुसताना एक बाई दुसरीला सांगत होती, ‘तिला केलं तर एक पवन सरकारच घालतं.’ ती म्हणजे मी. तीन हातांवर बसले होते. आवाज खाली करावा असंही त्या बाईला वाटलं नाही, कारण ती वाईट बोलतच नव्हती. माझी जमेची बाजू सांगत होती.

आशावादी : मग कुठल्या लग्नात पवन मोजत नाहीत, ते सांग. सांबाचं भात घरात आलं, तै महिना लागला की तिरुवैयारुपासून पापनाशमपर्यंत गावागावांत बैठका बसतात. पहिला प्रश्न काय असतो? मुलीला किती पवन घालणार. आठ ग्रॅमचा एक पवन, असे वीस-तीस बोलले जातात. मोटारसायकल वेगळी, भांडी वेगळी. धडधाकट मुलगी अशी तोलली जाते तेव्हा आपण त्याला रीत म्हणतो आणि जेवून घरी येतो. तुझ्या वाट्याला एक पवन आला आणि तो सरकारने दिला, तर त्यात अपमान दिसतो. अपंगांनी तेवढं निर्मळ, निरपेक्ष लग्न करावं आणि बाकी साऱ्या गावाने बाजार मांडावा, ही कुठली अपेक्षा? व्यवहार सगळ्या लग्नांत आहे. त्यातूनच माणसं एकमेकांना सापडतात आणि पुढे कधीतरी जीवही लावतात. तुमच्या दारात व्यवहार पोहोचलाच नव्हता. तो आता पोहोचतोय, त्याला उंबऱ्यावरून हाकलू नकोस.

साशंक : या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. बाजार सगळ्यांचा आहे, हे खरं. पण बाजारात उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलीकडे एक गोष्ट असते, ती माझ्याकडे नाही. ती नाही म्हणू शकते. फार वेळा नसेल, एकदोनदा तरी. पसंत पडला नाही तर बाप ‘जातक जुळलं नाही’ असं सांगतो, सोज्जी-बज्जीच्या बशा आवरल्या जातात आणि कोणाचं नाक कापलं जात नाही. गेल्या खेपेचं स्थळ आठवा. मुलाच्या आत्याने मला आतून पाणी आणायला सांगितलं. पुढ्यात तांब्या भरलेला होता. माझी चाल बघायची होती. मी आत गेले, पाणी आणलं, दिलं. त्यांनी होकार दिला. मी नकार दिला, कारण त्या माणसाने पूर्ण वेळ माझ्याशी एक शब्द बोलायचा प्रयत्न केला नाही. पुढे काय झालं? ‘दारात रांग लागलीय असं वाटतं का हिला?’ हे वाक्य काकूंपासून रेशनच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी मला ऐकवलं. जातक जुळलं नाही, हे सभ्य कारण माझ्यासाठी कोणी वापरलंच नाही. मी आलेल्या स्थळाला नाही म्हणणं हा कृतघ्नपणा ठरतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत किती?

आशावादी : आता कळलं तुझं म्हणणं. पण याच कारणाने मी स्थळं आणत राहतो. नाही म्हणायची ऐपत आकाशातून पडत नाही, ती संख्येतून येते. एकच स्थळ असलं की नकार म्हणजे माज. दहा असली की नकार म्हणजे निवड. म्हणून मेळावे हवेत, स्वयंवरं हवीत. लग्न जुळवणाऱ्या चेन्नईच्याच मोठ्या कंपनीने अपंगांसाठी ‘एबिलिटी मॅट्रिमनी’ काढलं. ‘इन्क्लोव’ नावाचं अ‍ॅप २०१६ मध्ये आलं, अपंग आणि धडधाकट दोघांसाठी, आणि त्या लोकांनी शहराशहरांत प्रत्यक्ष भेटीही घडवल्या. २०१९ मध्ये ते बंद पडलं, मान्य. पण तशी मागणी आहे हे त्याने दाखवलं. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. हातात पगार आला की कोणाच्या बापाची भीती? जोडचाकांची स्कूटर सरकार फुकट देतं. या सगळ्याची बेरीज केलीस तर तुझी ती ऐपतच तयार होते, हळूहळू. तू मात्र इमारत पुरी झाल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायला तयार नाहीस.

साशंक : पगाराने काय होतं ते सांगते, कारण मला पगार आहे. पगार सुरू झाला तसे निरोप वाढले, पण निरोप माझ्या पासबुकाला होते. तेही सोडा. आपल्या पलीकडच्या गावातल्या त्या शिक्षकांचं घ्या. दोन्ही पायांनी अपंग, सरकारी शाळेत नोकरी, स्वभावाने सोनं. त्यांना मुलगी मिळाली, धडधाकट, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. भूमिहीन मजुराची चौथी मुलगी. गावाने कौतुक केलं, तुम्हीही केलंत. मी तिला विचारलं होतं, तुझी मर्जी होती ना? ती म्हणाली, ‘आमच्याकडे मर्जी कोण विचारतं, अक्का?’ म्हणजे नाही म्हणायची ऐपत तिथे जन्मली नाही, फक्त हलली. त्यांच्या नोकरीने त्यांना ती मिळाली, तिच्या गरिबीने तिची गेली. अपंग पुरुषाचं लग्न आपल्याकडे बहुतेक वेळा असंच जमतं, एक पायरी खाली उतरून. अपंग बाईला खाली उतरायला पायरी नसते, कारण नवरा तिच्यापेक्षा वरचढच लागतो. तुमच्या दहा स्थळांच्या बेरजेत ती चौथी मुलगी कुठे बसते?

आशावादी : ती मुलगी आज विचारशील तर वेगळं सांगेल. त्यांचं घर मी पाहिलंय. प्रेम पहिल्या दिवशी स्टँपपेपरवर लिहून मिळत नाही. आणि तुझ्या या शंकेलाही एक धोका आहे, तो सई परांजप्यांनी १९८० मध्येच ‘स्पर्श’मध्ये दाखवला. अंध मुख्याध्यापक, त्याच्या शाळेत येऊ लागलेली डोळस विधवा. दोघांचं जमतं, लग्न ठरतं, आणि तोच ते मोडतो. ही आपल्यावर उपकार करतेय, त्याग करतेय, हा किडा त्याच्या डोक्यात शिरतो. बाई तर जीव लावून बसलेली असते. दयेच्या भीतीने माणूस इतका टोकदार होतो की हात पुढे करणाराच रक्तबंबाळ व्हावा. प्रत्येक चांगुलपणाची तू उलटतपासणी करतेस. आत्याबाईंनी पाणी मागितलं ते वाईटच. पण उद्या एखाद्याने खरोखर आपुलकीने तुझ्यासाठी खुर्ची ओढली, तर त्यालाही तू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करशील.

साशंक : ‘स्पर्श’ मला आवडतो. पण त्याचा नायक पुरुष आहे, शाळेचा प्रमुख आहे, आणि लग्न मोडायचं सामर्थ्य त्याच्याजवळ आहे. त्याचा गंड चित्रपटाने त्याच्या बाजूने समजून घेतला. आता इथला, तमिळमधला ‘मोळी’ घ्या, राधामोहन यांचा, २००७ चा. ज्योतिकाने केलेली नायिका ऐकू-बोलू शकत नाही. स्वाभिमानी आहे, स्वतः कमावते. ऐकू येणारा नायक तिच्या प्रेमात पडतो आणि ती नाही म्हणते. तिला भीती असते की मूलही आपल्यासारखंच होईल, आणि तिच्या बापाने जसं तिला टाकलं तसंच त्याच्याही वाट्याला येईल. गोड चित्रपट आहे, मी रडलेही. पण तिचं ‘नाही’ हा त्या गोष्टीतला अडथळा आहे. तो कधी दूर होतोय याची आपण सगळे वाट बघतो. तिने विचार करून घेतलेला निर्णय म्हणून त्या नकाराकडे बघा असं प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. मुलाचा प्रश्न मला तर प्रत्येक बैठकीत विचारतात. पोलिओ विषाणूने होतो, पोटातून पोटात जात नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल! जे विचारतात त्यांच्या स्वतःच्या घरात मामाने भाची केलेली असते.

आशावादी : ते खरंच हास्यास्पद आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूतली सुमारे २८ टक्के लग्नं नात्यातली निघाली. महाराष्ट्रात मामाची मुलगी चालते, भाचीला कोणी हात लावत नाही. तंजावरात येऊन आपल्यातल्या काही मराठी घरांनी तीही सोयरीक उचलली. अशा लग्नांत काही प्रकारचं जन्मजात बहिरेपण वाढतं, हे डॉक्टर सांगून थकले. पण त्याच प्रथेने एक काम केलं, ते विसरू नकोस. घरात अपंग मुलगी असली तर मामा तिला पदरात घेई. आपल्या जुन्या पिढीत अशी लग्नं झाली आणि ती टिकली. तुला ते नको असेल, तर या मातीने दुसरी वाटही काढून ठेवलीय. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातलं. भटजी नको, अग्नी नको. नातलग किंवा मित्रांसमोर हार घातला, अंगठी घातली किंवा ताली बांधली की लग्न कायदेशीर. जिला सात पावलं चालता येत नाहीत तिला सप्तपदीची अट नाही. आणि जुन्या रीतीतही बघ, इथल्या ब्राह्मण लग्नात हार घालायच्या वेळी मामा वधूवरांना खांद्यावर उचलून घेतात. तेवढ्या वेळात कोण चालू शकतं आणि कोण नाही, हे कोणाला कळतं?

साशंक : खांद्यावरून उतरल्यावर कळतं. मामाच्या लग्नाबद्दल तर बोलूच नका. तिथे मुलीला नकार नव्हता आणि मामालाही नव्हता. बहिणीच्या शब्दाखाली दोघं दबलेले. राहिलं ७-अ. कलम उत्तम आहे. पण हार घालायला समोर माणूस लागतो आणि तो आधी कुठेतरी भेटावा लागतो. माझ्या वर्गातल्या मुलींची प्रेमं बसमध्ये झाली, कुंभकोणमच्या कॉलेजात झाली, भाताच्या लावणीच्या दिवसांत बांधावर झाली. मला आठवीनंतर गावच्या बसची पहिली पायरी चढवेना, म्हणून बाहेरून परीक्षा दिल्या. वयाची जी वर्षं मुलं एकमेकांकडे बघण्यात घालवतात ती मी घरात काढली. स्कूटर मिळाली तेव्हा मी तिशीला आले होते. प्रेम हा मनाचा मामला आहे म्हणतात. आमच्यासाठी तो अर्धा रस्त्याचा, बसच्या पायरीचा आणि शौचालयाच्या दाराच्या रुंदीचा मामला आहे. आणि काका, मी शंका काढते म्हणून मला लग्न नको असा अर्थ काढू नका. मला हवं आहे. सोबत हवी आहे आणि अंगाची ओढही आहे. हे वाक्य अपंग बाईने बोललं की खोलीतली माणसं खिडकीबाहेर बघू लागतात, तरी बोलते.

आशावादी : मी खिडकीबाहेर बघत नाही. उलट, इतकं स्पष्ट बोललीस म्हणून आता मीही विचारतो. दोन वर्षांमागे मन्नारगुडीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा अपघातात कंबरेखाली लुळा पडलेला, व्हीलचेअरवर, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, तोंडात साखर. तुझ्याशी तासभर बोलला, तुला हसवलंही. तू नाही म्हणालीस. कारण विचारलं तर म्हणालीस, ‘माझ्याच्याने त्याचं सगळं करणं होणार नाही.’ तेव्हा मी गप्प बसलो. पण ती आत्या तुझ्याबद्दल घरी जाऊन जे बोलली असती, तेच तू त्याच्याबद्दल बोललीस. त्याचं शरीर मोजलंस. आता देशात पोलिओ राहिला नाही, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पुढे येणाऱ्या पिढीत ‘उजव्या पायात थोडा दोष’ असं बायोडाटात लिहून भागणारी माणसं कमी असतील, आणि अपघातात मणका मोडलेली, मोठ्या अपंगत्वाची जास्त. थोडं अपंग असलेल्यांनी जास्त अपंग असलेल्यांना नाकारायचं, आणि वर नकाराचा हक्क सांगायचा, हे मला पचत नाही.

साशंक : तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मी त्याचं शरीर मोजलं, आणि तोच नकार मी आजही देईन. घरात उचलायला, आंघोळ घालायला दुसरं कोणी नसताना एका कॅलिपरवालीने ते काम अंगावर घ्यायचं का, हा प्रश्न मला विचारायचा हक्क आहे. आत्याबाईंनी चाल बघितली ती लोक काय म्हणतील म्हणून. मी बघितलं ते रोज सकाळी काय करावं लागेल म्हणून. हा फरक खरा आहे, असं मला वाटतं. पण तो मुलगा घरी गेला तेव्हा त्याच्यापर्यंत हा फरक पोहोचला नसणार. त्याला एवढंच कळलं असेल की आणखी एकीने नाही म्हटलं. नकाराचं हे असं आहे. देणाऱ्याच्या हातात तो निवड असतो आणि घेणाऱ्याच्या पदरात शेरा. मला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. गावात मदतनीस मिळत असता, तर माझा विचार कदाचित वेगळा झाला असता. आपल्याकडे बायको हीच मदतनीस, म्हणून प्रेमाआधी ताकद बघावी लागते.

आशावादी : तर मग लग्नाबाहेरचं आयुष्य तरी मोकळ्या मनाने मान. कोल्हापूरच्या सोनाली नवांगुळ. लहानपणी बैलगाडीच्या अपघातात पाय गेले. व्हीलचेअरवरून स्वतःचं घर चालवतात, लिहितात. आपल्या शेजारच्या त्रिची जिल्ह्यातल्या सलमांची कादंबरी त्यांनी ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या नावाने मराठीत आणली आणि साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवला. वयात आल्यावर जिची शाळा सुटली, त्या तमिळ बाईचं लेखन एका मराठी बाईने व्हीलचेअरवर बसून मराठीत आणलं. यापेक्षा मोठा जिव्हाळा कुठला?

साशंक : सोनालीताईंबद्दल मला आदरच आहे. पण त्यांचं नाव माझ्यासमोर कोण घेतं ते बघा. ज्यांना माझ्यासाठी स्थळ शोधायचा कंटाळा आलाय ती माणसं घेतात. कर्तबगार एकटीचं उदाहरण दिलं की बाकीच्यांची जबाबदारी संपते. धडधाकट मुलीला कोणी म्हणतं का, पुस्तकं लिही, लग्नाचं काय एवढं? एकटं राहणं ही निवड व्हायची तर दुसरी वाट उघडी असावी लागते. म्हणजे आपण फिरून तिथेच आलो. हो म्हणणं काय, एकटं राहणं काय, नकाराची ऐपत असल्याशिवाय दोन्ही आपले नाहीत.

आशावादी : तुझी ही कसोटी फार लखलखीत आहे, म्हणूनच मला तिची भीती वाटते. तिच्यात न बसणाऱ्यांचं काय? आपल्या नात्यातल्या त्या मुलाचं घे, तिशीचा आहे, बुद्धी सहासात वर्षांच्या मुलाची. त्याला बायको हवी, रोज आईला विचारतो. मनोरुग्णांचं घे. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेतल्या डॉ. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि लग्न मोडलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराच्या कलंकापेक्षा टाकून दिल्याचा कलंक त्यांना आणि घरच्यांना जास्त बोचत होता. म्हणजे लग्न त्यांना इतकं मोलाचं होतं. हिंदू विवाह कायद्याचं पाचवं कलम मानसिक विकारामुळे संमती देऊ न शकणाऱ्याला दारातच थांबवतं. १९९९ पर्यंत तर वारंवार फिट येणाऱ्यालाही थांबवत होतं. जो नाही म्हणू शकत नाही त्याने लग्न करू नये, असं तू म्हणालीस की तू त्या कायद्याच्याच शेजारी जाऊन बसतेस.

साशंक : त्या अभ्यासाने मला दुसरं काही सांगितलं. त्यातल्या बायका टाकल्या गेल्या होत्या. ‘लग्न झालं की डोकं ठिकाणावर येईल’ म्हणून आजार लपवून मुली उजवणारी घरं तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती सासरी उघडते, आणि फसवणूक म्हणून लग्न रद्द करून घ्यायची तरतूद कायद्यात आहेच. मुठीची किंमत मुलगी मोजते. तरी तुमचा मुद्दा उरतो, मी तो टाळत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या निवारागृहातल्या एका मतिमंद स्त्रीच्या बाजूने निकाल दिला; तिला मूल हवं होतं, तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असं सांगितलं. म्हणजे बुद्धी कमी असली तरी इच्छेला किंमत आहे, आणि ती नीट ऐकायला वेळ दिला तर ऐकू येते. पण मूल हवं असणं आणि एका माणसाला आयुष्यभरासाठी हो म्हणणं, यात अंतर आहे. त्या मुलाला बायको हवी. त्याच्या घरी येणाऱ्या मुलीला तो हवा आहे का, हे तिच्या बापाने ठरवायचं? इथे माझी कसोटी त्याला अडवते आणि तिला वाचवते. दोघांनाही न्याय देणारी कसोटी मला माहीत नाही.

आशावादी : मलाही नाही. पण मी थांबून राहू शकत नाही. मी स्थळं आणणार. त्यातली बरीच वाकडी असतील, काहींना पवन हवे असतील, काहींना तुझा पगार. त्यातूनच एखादं निघेल.

साशंक : आणा. फक्त एक करा. यापुढे समोरच्या घरी गेलात की ‘मुलीला पसंत आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. नाही म्हटलं तर तिचं घरात काय होईल, ते विचारा. मुलगा असला तरी विचारा. ज्या घरात उत्तर मिळणार नाही तिथून उठून या.

आशावादी : तसं केलं तर या त्रिभुज प्रदेशातल्या धडधाकटांच्या अर्ध्या बैठकांतूनसुद्धा उठावं लागेल.

साशंक : मग प्रश्न माझ्या पायाचा कधीच नव्हता, असं झालं ना?

आशावादी : तुझ्या पायाचा नव्हता, हे मानलं. पण त्या बैठका सुधारेपर्यंत वाट कोणाला बघावी लागते? धडधाकटांची लग्नं तशा घरांतही होत राहतील. कसोटी सगळ्यांना लागू आणि थांबायचं मात्र तू, हे तुला चालणार आहे का?

साशंक : नाही चालणार. आणि कसोटी सोडणंही चालणार नाही. तुम्ही यातलं एक निवडायला सांगताय, आणि त्यालाच मी अजून नाही म्हणतेय.